तूरडाळ पाहायला वऱ्हाडात

आधीच सांगून ठेवते. मी अमरावती-अकोल्याकडे जाऊन आले, पण चिखलदऱ्याला गेले नाही, मेळघाटात वाघ पाहिला नाही आणि संत्र्याच्या बागेत उभी राहून फोटोही काढला नाही. तीन दिवस हातात होते, ते तूरडाळ पाहण्यात गेले. ज्यांना वाघ हवा आहे त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

कोथरूडला माझी खानावळ आहे. दोन्ही वेळची मिळून दीडशे मुलं-मुली जेवतात. गेल्या पावसाळ्यापासून मला डाळीने छळलं होतं. दिसायला पिवळीधमक, आरशासारखी चकचकीत, आणि शिजवली की ओढ्याच्या तळाशी गाळ बसावा तशी पातेल्यात बसायची. दोनदा दुकान बदललं. दुकान नवं, डाळ तीच.

अशात प्रतीक्षाचा फोन आला. ही मुलगी इंजिनिअरिंगची चार वर्षं माझ्याकडे जेवली आणि चारही वर्षं माझ्या वरणावर बोलली. "काकू, याच्यात डाळ कोणत्या वारी असते?" हा तिचा पहिल्याच आठवड्यातला प्रश्न. आता ती अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात नोकरीला आहे. तिच्या मावशीने, शोभाबाईंनी, गावातल्या दहा बायकांचा गट करून छोटी डाळ मिल टाकली होती. त्यांना वर्षाची डाळ घेणारं एखादं खात्रीचं गिऱ्हाईक हवं होतं आणि मला शिजणारी डाळ हवी होती. मी म्हटलं, फोनवर डाळ कळत नाही, येऊन बघते. फेब्रुवारी संपत आला होता. खानावळ स्वयंपाकिणीच्या आणि नवऱ्याच्या हवाली केली. नवरा बँकेतून निवृत्त झाल्यापासून भाजी निवडतो आणि ते काम तो बँकेच्या कामापेक्षा बरं करतो.

शुक्रवार

गाडी सकाळी बडनेऱ्याला पोचली. प्रतीक्षा स्कूटर घेऊन उभी होती. तिने मला घरी नेऊन चहा देण्याऐवजी अमरावतीत एका हातगाडीपाशी नेऊन गिला वडा दिला. मऊ, ओला वडा आणि वरून चटणी. चटणीचा रंग पाहून मी सावध व्हायला हवं होतं. सकाळी आठ वाजता डोळ्यांतून पाणी काढणारा नाश्ता माझ्या खानावळीत दिला तर मुलं मोर्चा आणतील. इथे लोक ऑफिसला जाताजाता खातात, वर आणखी चटणी मागतात.

रजेच्या अर्जावर सही हवी म्हणून आम्ही नांदगाव पेठला गेलो. मी फाटकाबाहेर उभी राहिले. आत सुताचे ट्रक जात होते, बाहेर कापडाचे खोके येत होते. प्रतीक्षा म्हणाली, हे कापड परदेशात जातं. त्यातला कापूस कदाचित मावशीच्या शेतातलाही असेल, पण मावशीच्या यजमानांचा शर्ट आठवडी बाजारातला आहे आणि तो कुठून येतो ते कुणालाच माहीत नाही.

मग एसटी. पुण्यात एसटीतल्या शेजारणीशी बोलायचं तर आधी खिडकीबद्दल काहीतरी म्हणावं लागतं. इथे माझ्या शेजारच्या बाईंनी बसल्याबसल्या विचारलं, "कोनाच्या घरी चालल्या?" आणि मूर्तिजापूर यायच्या आत माझं वय, नवऱ्याचं पेन्शन, मुलगा एकच का आणि तोही बिनलग्नाचा का, एवढं सगळं काढून घेतलं. चौकशीत कुठेही आडपडदा नव्हता. मलाही आडपडदा आवडत नाही, त्यामुळे मी त्यांच्या सुनेबद्दल विचारलं आणि उरलेला प्रवास छान गेला.

बाहेर सपाट काळी जमीन. नजर अडवायला डोंगर नाही, टेकडी नाही. कापूस वेचून झाला होता आणि कापसाची वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाटी, उभी होती. तुरीच्या काड्यांचे ढीग बांधावर लागलेले. हरभरा तेवढा शेतात होता. प्रतीक्षाने सांगितलं की हा खारपाणपट्टा. जमिनीखालचं पाणी खारट. विहीर खोदा, बोअर मारा, खारटच लागतं. त्याने साबणाला फेस येत नाही आणि केस झाडूसारखे होतात. मी म्हटलं, बघू.

गावाचं नाव लिहीत नाही. शोभाबाईंनीच मनाई केली आहे. पाण्यापायी आधीच इकडच्या मुलांना कुणी मुली देत नाही, त्यात नाव छापून आलं तर उरलेलेही बिनलग्नाचे राहतील, असं त्यांचं म्हणणं.

फाट्यावर उतरून शेतातून जवळची वाट धरली. काळी जमीन उन्हाने तडकते हे मी शाळेत शिकले होते, पण भेग किती रुंद असते ते शाळेत सांगत नाहीत. माझा पाय चपलेसकट घोट्यापर्यंत आत गेला. मोटरसायकलवरचे दोघे थांबले. पाय सरळ काढावा की तिरका यावर त्यांच्यात चर्चा झाली. तिसरा आला तो म्हणाला, त्याच्या म्हशीचाही असाच गेला होता. चर्चा चालू असतानाच मी पाय ओढला. पाय आला, चप्पल आली, चपलेचा पट्टा आत राहिला. उरलेले दिवस मी शोभाबाईंच्या चपलांवर काढले.

शोभाबाई पन्नाशीच्या आतल्या, उंच, मोजकं बोलणाऱ्या. त्यांचे यजमान प्रल्हादभाऊ त्याहून मोजकं बोलणारे. मी धुळीने माखलेली पाहून शोभाबाईंनी आधी न्हाणीत बादली ठेवली. ती पुरली नाही, मी दुसरी मागितली. त्यांनी लगेच आणून दिली. साबणाला इतका सुंदर फेस आला की बाहेर आल्यावर मी प्रतीक्षाला म्हटलं, तुमच्या पाण्याची तुम्ही उगीच बदनामी करता. ती तेव्हा गच्चीवर डाळ पाहत होती. तिला वाटलं मी तिचं मन राखण्यासाठी बोलते आहे. मी कुणाचं मन राखत नाही हे चार वर्षं माझ्याकडे जेवून तिला कळायला हवं होतं.

मग मिल पाहिली. पत्र्याच्या शेडमध्ये शिलाई मशीनहून थोडं मोठं यंत्र. तुरीला तेल चोळायचं, गच्चीवर उन्हात वाळवायची, मग यंत्रातून काढायची. टरफलं गुरांना. डाळीला चमक देण्यासाठी काहीही लावायचं नाही. डाळ दिसायला मातकट पिवळी, माझ्या दुकानदाराने पाहिली असती तर नाक मुरडलं असतं. मी मूठभर घेतली, वास घेतला, एक दाणा दाताखाली फोडला. वास चांगला होता. पण वासावर मी वर्षाचा माल घेत नाही. शोभाबाईंना सरळ सांगितलं, उद्या शिजवून दाखवा. शिजली तर घेईन.

"शिजवूच," त्या म्हणाल्या. "उद्या वावरात रोडगे करून राहिलो तुमच्यासाठी."

त्यांच्या पुढच्या खोलीत छपरापर्यंत तुरीची पोती रचलेली होती. दहा घरांची तूर. दरवर्षी ती निघाली की व्यापाऱ्याकडे जाते. या वर्षी बायकांनी अडवून धरली होती, आपण डाळ करून विकू म्हणून. घरोघरी भांडणं झाली. शेवटी पुरुषांनी रविवारपर्यंतची मुदत दिली. रविवारी दुपारी व्यापाऱ्याची गाडी येणार होती. तोवर गिऱ्हाईक ठरलं तर ठीक, नाही तर सगळी तूर गाडीत, मिलवर ताडपत्री आणि पुढच्या वर्षी कुणाच्याही घरातून एक दाणा मिळणार नाही. शोभाबाईंनी हे सगळं दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगितलं आणि मला वांग्याचं भरीत वाढलं.

संध्याकाळी गटातल्या बायका मला पाहायला आल्या. त्यांत सगळ्यात मोठ्या गयाबाई. सत्तरीच्या, काटक, नाकात मोठी नथणी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "दीडशे लोकाले जेवू घालता, पन जास्त तुमीच जेवता वाटते." सगळ्या हसल्या, मीही हसले, कारण खोटं नव्हतं. माझा नवरा भाजी निवडतो हे ऐकल्यावर मात्र हसणं थांबलं. "माणूस भाजी निवडते?" गयाबाईंनी विचारलं, आणि मग बराच वेळ त्या प्रल्हादभाऊंकडे बघत राहिल्या. प्रल्हादभाऊ उठून बाहेर गेले.

इकडे बोलण्यात ळचा य होतो, हेही सांगून ठेवते. डाळीला त्या दाय म्हणतात. माझ्या तोंडची डाळ आणि त्यांच्या तोंडची दाय एकच.

शनिवार

मी कुणाच्याही घरी पाहुणी गेले तरी यजमानिणीवर काम टाकत नाही. सकाळी लवकर उठले. अंगणात निळा ड्रम पाण्याने भरलेला होता, झाकण घट्ट लावलेलं. मी कुणाला न उठवता आंघोळ केली, डोकं धुतलं आणि आदल्या दिवसाचे माझे दोन्ही जोड कपडे स्वतः धुऊन, खंगाळून, दोरीवर वाळत टाकले. शोभाबाई बाहेर आल्या तेव्हा मी शेवटचा टॉवेल पिळत होते. त्या क्षणभर दारात थांबल्या. प्रल्हादभाऊ त्यांच्या मागे येऊन काहीतरी बोलणार होते, पण शोभाबाईंनी हाताने थांबवलं. त्या म्हणाल्या, "कायले त्रास घेतला ताई, आमी धुतले असते." मला माझंच कौतुक वाटलं. पुण्याच्या बाईची ही बाजूही यांना दिसली, असं.

दहा वाजता आम्ही गटातल्या सगळ्या बायकांसोबत शेतात गेलो. बाभळीखाली तीन दगडांची चूल, त्यावर डाळीचं मोठं पातेलं. बाजूला गोवऱ्यांचा जाळ. रोडगे म्हणजे गव्हाच्या कणकेचे थर देऊन केलेले मोठे गोळे. गोवऱ्या जळून निखारा झाला की त्यात पुरतात आणि तास-दीड तासाने खणून काढतात. मग राख झटकून फोडतात आणि वर तूप ओततात. पुण्यात ज्याला राख लागली ते आपण फेकून देतो. इथे ज्याला राख लागली नाही त्याला रोडगा म्हणत नाहीत. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. कोरडा रोडगा वरणाशिवाय उतरत नाही, म्हणून सगळी मदार त्या पातेल्यावर.

अकरा वाजले. डाळ उकळत होती. साडेअकरा झाले. मी झाकण काढून पाहिलं. दाणा न् दाणा वेगळा, पाणी वर, डाळ खाली. बारा वाजता वांग्याची भाजी झाली. साडेबाराला रोडगे निघाले. डाळ होती तशीच. मी एक दाणा काढून बोटांत दाबला. तो दबला नाही, उडाला.

मधे प्रल्हादभाऊ गावातून सायकलवर आले आणि खिशातून एक छोटी पुडी काढून शोभाबाईंना देऊ लागले. शोभाबाईंनी "नाई" म्हटलं. ते हळूच आणखी काही म्हणाले. त्यांनी पुन्हा "नाई" म्हटलं, जरा मोठ्याने. पुडी पुन्हा खिशात गेली.

दीड वाजला. वीस वर्षं मी डाळ शिजवते आहे. जुनी डाळ मला लांबून ओळखू येते. मला वाटलं, गेल्या वर्षीची पोती यांनी वर रचून ठेवली आणि आता मला दाखवताहेत. राग आला, पण राग आल्यावर मी हळू बोलते.

"शोभाबाई, ही डाळ मी घेणार नाही," मी म्हटलं. "अडीच तास झाले. ही शिजणारी डाळ नाही. जेवण झालं की मला फाट्यावर सोडा."

मला वाटलं होतं, त्या भांडतील. नऊजणी आणखी आहेत, कुणीतरी बोलेल. एक बाई उगाच चुलीतलं लाकूड पुढे सारत राहिली. शोभाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "जेवून घ्या ताई. भाजी चांगली झाली."

तेव्हा गयाबाई उठल्या.

"शिजन कशी?" त्या मला म्हणाल्या. "तिचं पानी तं तुमच्या डोक्यावर गेलं."

शोभाबाई त्यांच्यावर एकदम कडाडल्या, बुढीला काही समजतं की नाही, पाहुण्यांना असं बोलतात का. पण गयाबाईंनी आता सोडलं नाही. सगळं सांगितलं. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे इकडे पोरालाही माहीत आहे. गोड पाणी नळाला येतं ते आठवड्याने कधीतरी. मागच्या वेळी नळ आला तेव्हा दहाही घरांनी आपापल्यातलं एकेक गुंड, म्हणजे हंडाभर, पाणी आणून शोभाबाईंच्या निळ्या ड्रममध्ये ओतलं होतं. आज माझ्यासमोर डाळ शिजवायची म्हणून. शुक्रवारी मी दोन बादल्या घेतल्या, तरी निभावलं असतं. शनिवारी डोकं, दोन जोड कपडे आणि टॉवेल. ड्रम रिकामा. घरोघरीचं गोड पाणी आधीच त्या ड्रममध्ये आलेलं, त्यामुळे कुणाकडेच उरलेलं नाही. कॅनमधून पाणी विकणारी गाडी लग्नसराईत कुठल्यातरी मांडवात अडकलेली. शेवटी डाळ चढवली ती बोअरच्या पाण्यावर.

मला साबणाचा फेस आठवला. प्रतीक्षाने कपाळावर हात मारून घेतला.

"मला सांगायचं नाही का?" मी शोभाबाईंना म्हटलं. "मी आंघोळ न करता बसले असते. एक दिवसाने काय होतं?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "घरी आलेल्या माणसाले पानी पुरवून वापरा म्हनाव काय?" त्या म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपला. वर्षाची तूर गेली तरी चालेल, गट बुडाला तरी चालेल, पण पाहुणीच्या हातातला तांब्या धरायचा नाही. हा गाढवपणा आहे असं मला तेव्हा वाटलं आणि आताही वाटतं. पण असा गाढवपणा करणाऱ्या माणसांकडून जुनी डाळ नवी म्हणून येणार नाही, हेही लक्षात आलं.

पुडीत काय होतं तेही मग कळलं. खाण्याचा सोडा. सोडा टाकला की खाऱ्या पाण्यातही डाळ मऊ होते, गोड पाणी नसेल त्या दिवशी सगळे तेच करतात. प्रल्हादभाऊ चिमूटभर टाक म्हणत होते. शोभाबाईंनी नाही म्हटलं, कारण मला दाखवायची ती नुसती डाळ.

बायका आता माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. एखाद्या भल्या बाईने तिथल्या तिथे सौदा पक्का केला असता. मी केला नाही. मी म्हटलं, "चूक माझी आहे. पण लाज वाटली म्हणून मी डाळ विकत घेत नाही. दीडशे पोरं माझी लाज खाणार नाहीत. डाळ शिजलेली मला दिसली पाहिजे."

"मले बी तेच पाह्यजे," शोभाबाई म्हणाल्या. "कीव करून घ्यान, तं पुढच्या साली काय करू? दरसाल कोन आंघोय करून जाईन?"

ठरलं ते असं. शोभाबाईंचे भाऊ अकोल्यात जठारपेठेत राहतात. त्यांच्याकडे नळाचं गोड पाणी आहे. रविवारी सकाळी डाळ घेऊन तिथे जायचं. व्यापाऱ्याची गाडी दुपारी येणार होती, तोवर प्रल्हादभाऊंनी घरी थांबून तिला थोपवायचं. प्रल्हादभाऊ म्हणाले, मी काय बोलू त्याच्याशी. शोभाबाई म्हणाल्या, तुमी बोलूच नका, चहा पाजा.

मग आम्ही रोडगे खाल्ले. वरणाशिवाय, वांग्याच्या भाजीशी. वांग्याला मात्र कुठलंही पाणी चालतं, भाजी अप्रतिम होती. मी अडीच रोडगे खाल्ले आणि गयाबाईंनी मोजले.

रविवार, जठारपेठ

त्या दिवशी मी तोंडही धुतलं नाही. ओल्या रुमालाने पुसलं.

दहाजणी येणार होत्या, काळी-पिवळी जीपमध्ये सहा मावल्या. शिवाय मी, प्रतीक्षा, डाळीची पिशवी आणि उरलेले रोडगे. ड्रायव्हर म्हणाला, कोणाच्या लग्नाला चालल्या? गयाबाई म्हणाल्या, दाय शिजवाले. त्याने गाडी सुरू केली.

शोभाबाईंची वहिनी, माधुरी, दुसऱ्या मजल्यावर राहते. स्वयंपाकघर दिवाळीत नवं केलेलं, पांढऱ्या फरशीचं. दार उघडल्यावर तिला आठजणी दिसल्या आणि सगळ्यांच्या अंगाला गोवरीच्या धुराचा वास. तोंडाने "या, या" म्हणत तिने हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरली. मला सोफ्यावर बसायला सांगितलं, मी पुण्याची म्हणून. मी वर्तमानपत्रावर बसले. गयाबाई सोफ्यावर बसल्या.

माधुरीने नळ सोडला. सहाही बायका स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून नळाकडे पाहत होत्या. ती भांडं धुताना नळ चालूच ठेवून माझ्याशी बोलू लागली तेव्हा शोभाबाईंनी पुढे होऊन तो बंद केला. माधुरीने तो परत उघडला. शोभाबाईंनी परत बंद केला. नणंद-भावजयीत हे जुनं असावं.

कुकर लावला. हळद आणि हिंग, दुसरं काही नाही. तीन शिट्ट्या. कुकर थंड व्हायची वाट पाहत सगळ्या तिथेच उभ्या राहिल्या. त्यातच प्रल्हादभाऊंचा फोन आला. गाडी दारात उभी होती. व्यापाऱ्याचा दुसरा चहा चालू होता आणि भाऊंचे बोलण्याचे विषय संपले होते.

मी झाकण काढलं. डाळीचा दाणा शिल्लक नव्हता. पिवळं, दाट, एकजीव. पळी उभी राहिली आणि मग सावकाश आडवी झाली. मी चमचाभर खाल्लं. मीठ नव्हतं, तरी आणखी एक चमचा खाल्ला. इतक्या वर्षांत माझ्या पातेल्यात असली डाळ आली नव्हती. मी म्हटलं, "घेतली. वर्षभराची. तूर गाडीत चढवू नका म्हणून प्रल्हादभाऊंना सांगा."

मला वाटलं, आता आनंदीआनंद होईल. शोभाबाई म्हणाल्या, "थांबा ताई. तुमचं झालं. आमचं राह्यलं."

त्यांचं म्हणणं असं होतं की मी त्यांची डाळ पाहिली, आता त्या माझा हात पाहणार. प्रतीक्षाने चार वर्षांत माझ्या वरणाबद्दल गावात काय काय सांगून ठेवलं होतं ते तिथे उघड झालं. वरणातून ताटाचा तळ दिसतो, असंही. त्यांना भीती होती की वर्षभर उन्हात राबून केलेली डाळ मी दहा पट पाणी घालून मुलांना पाजीन, आणि गावाचं नाव कळलं तर ही यांची दाय असं म्हणतील. ज्या गावाचं नाव छापायलाही बंदी, त्या गावाचं नाव राखायचं होतं. प्रतीक्षा खिडकीबाहेर पाहत होती.

मी पदर खोचला. मला स्वयंपाकात परीक्षा द्यायची वेळ लग्नानंतर आली नव्हती. पण व्यवहार दोन्ही बाजूंनी असतो, हे मान्य आहे. उरलेल्या डाळीचं मी खानावळीत करते तसंच वरण केलं, जरासुद्धा न बदलता. बदललं असतं तर ती सोड्याची पुडीच झाली असती. गरम पाणी ओतलं. सवयीने हात थांबतो तिथपर्यंत ओतलं. फोडणी, थोडं मीठ, आणि गुळाचा खडा. गूळ पडला तेव्हा दारात कुणीतरी "व माय" म्हणालं.

वाट्या फिरल्या. सगळ्यांनी गयाबाईंकडे पाहिलं. त्यांनी सोफ्यावर बसून वाटी तिरकी केली, मग सरळ केली. वाटीतलं काय हलतंय ते नीट पाहिलं. एक घोट घेतला. तो तोंडात थोडा वेळ फिरवला आणि गिळला.

"हे पोट्टे रोज खातेत?" त्यांनी मला विचारलं.

"रोज," मी म्हटलं.

"माय-बाप जवळ नसतात त्यांचे?"

"नसतात. लांबून लांबून आलेली असतात."

गयाबाईंनी वाटी खाली ठेवली. "बिचारे," त्या म्हणाल्या. मग शोभाबाईंकडे वळल्या. "दाय द्या व त्याहिले. चांगली जास्त द्या. अन् ह्या बाईले लिहून द्या, पानी किती टाकाचं ते."

कुणी हरकत घेतली नाही. शोभाबाईंनी तिथेच उभं राहून प्रल्हादभाऊंना फोन लावला आणि गाडी परत पाठवा म्हणाल्या. पलीकडून त्यांनी व्यापाऱ्याला काय कारण सांगू असं विचारलं असावं.

"सांगा," शोभाबाई म्हणाल्या, "पुन्याचे पोट्टे उपाशी हायेत."